बालेस्ट्रांड: नकाशावरून पुसलेल्या कोमूनेतली भटकंती

गुरुवार: बर्गन ते बालेस्ट्रांड

नॉर्वेला कोणी पाहुणे आले की सगळे त्यांना फ्लोमच्या ट्रेनमध्ये बसवतात नाहीतर गायरांगरला नेतात. आम्हीही नेऊन झालंय. या वेळी बाबा आलेत, आणि बाबा म्हणजे रिटायर्ड ग्रामसेवक, कराड तालुक्यात सगळी नोकरी गेली, त्यांना धबधबा पाच मिनिटं बघवतो, मग ते विचारतात इथलं ऑफिस कुठंय, पाणीपट्टी कोण घेतं, जन्माचा दाखला कोण देतं. म्हणून म्हटलं चला, यांना असं गाव दाखवू जिथं हेच सगळं २०२० मध्ये उलटंपालटं झालं. बालेस्ट्रांड. सोग्नेफ्योर्ड (फ्योर्ड म्हणजे डोंगरांमधून आत घुसलेली समुद्राची लांब खाडी), त्याच्या उत्तर काठावरचं गाव, आणि ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत याच नावाची एक स्वतंत्र कोमूने.

कोमूने म्हणजे इथली स्थानिक संस्था, पण आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा तिच्याकडे बरंच काही असतं. दहावीपर्यंतच्या शाळा, पाळणाघरं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, फॅमिली डॉक्टर, पाणी, गावातले रस्ते, आणि लोकांच्या इन्कम टॅक्समधला एक हिस्सा सरळ तिच्याकडे जातो. शहरांची वेगळी आणि खेड्यांची वेगळी असायची, खेड्यांच्या कोमूनेला हेरेड म्हणायचे. आज कायद्यात तसा भेद उरलेला नाही पण उल्विक, क्वाम आणि वॉस या लोकांनी हौसेनं आपल्या नावापुढे तो शब्द ठेवलाय.

स्टावांगरहून आदल्या दिवशीच बर्गनला येऊन राहिलो होतो, सकाळी तिथून एक्स्प्रेस बोट. चारेक तास लागतात. पहिला दीड तास किनाऱ्याच्या बेटांमधून जातो, त्यात नवरा झोपला आणि बाबा खिडकीला नाक लावून बसले. मग बोट फ्योर्डात शिरते आणि हळूहळू दोन्हीकडचे डोंगर उंच होत जातात. सोग्नेफ्योर्ड दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि सगळ्यात खोल जागी तेराशे मीटर खोल. मी हे सांगितल्यावर बाबांनी मोठ्यांदा हिशोब केला, की म्हणजे महाबळेश्वरचा अख्खा डोंगर उभा केला तरी वर जेमतेम एखादं हॉटेल दिसंल. हिशोब बरोबर आहे साधारण.

बोट मधे मधे थांबते. लाविक, विक, कुठं दोन माणसं उतरतात, कुठं एक सायकल आणि एक खोकं चढतं. हे थांबणं मला फार आवडतं कारण इथली सगळी गोष्टच त्यात आहे. १८५८ साली या भागात सार्वजनिक बोट कंपनी निघाली, आणि त्याच्याही आधीपासून वल्ह्याच्या नावा होत्या. लोक चर्चला, बाजाराला, लग्नाला, मयतीला, सगळीकडे पाण्यानंच जायचे. समोरचा काठ म्हणजे शेजार, आणि डोंगरापलीकडचं गाव म्हणजे परमुलूख. हे लक्षात राहू द्या, पुढच्या सगळ्या भानगडी यातूनच आल्यात.

दुपारी उतरलो. धक्क्यावर उतरल्या उतरल्या समोर ते प्रसिद्ध क्विक्नेस हॉटेल, पांढरं, लाकडी, बाल्कन्या बाल्कन्या. आणि त्याला चिकटून एक काँक्रीटचा उंच ठोकळा, नंतरच्या काळात बांधलेला. तो कोणी पास केला असेल देव जाणे. बाबा म्हणाले, "बांधकाम परवाना आमच्याकडं आला असता तर मी अडवला असता." आम्ही राहिलो मात्र गावातल्या एका साध्या गेस्टहाऊसवर, चढावर, खोलीतून फ्योर्ड दिसत होता आणि बाथरूम शेअर.

रात्री अकराला उजेड. बाबांना झोप येईना म्हणून खाली बाकावर जाऊन बसलो, तर एक आजोबा कुत्रं घेऊन आले. इंग्रजी छान बोलत होते. मी मुद्दामच विचारलं की तुम्ही आता सोग्नडालचे का (२०२० ला बालेस्ट्रांड ज्या कोमूनेत गेलं ती)? ते हसले आणि म्हणाले, "मी बालेस्ट्रांडचा. सोग्नडालची माझी फक्त बिलं येतात." बाबांना भाषांतर करून सांगितलं तर बाबा एवढे खूश झाले की त्यांनी खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. आजोबांनी खाल्ला. कुत्र्यानं पण.

शुक्रवार: गावातच

पाऊस. बारीक, सतत, छत्रीला न जुमानणारा. तरी निघालो, कारण गाव एवढंसं आहे की भिजून भिजून किती भिजणार. कोमूने संपली तेव्हा तिची लोकसंख्या तेराशेच्या आसपास होती, आणि त्यातही बरेच लोक आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांतले.

थोडा इतिहास इथंच सांगून टाकते. नॉर्वेत १८३७ ला कायदा झाला आणि १८३८ पासून सगळीकडे स्थानिक स्वराज्य आलं. नव्यानं हद्दी कोण आखत बसणार, म्हणून चर्चची जी धर्मक्षेत्रं होती तीच साधारण कोमूने म्हणून धरली. त्यात बालेस्ट्रांड पहिल्यांदा लाइकांगरच्या पोटात होतं, १८५० ला वेगळं झालं. म्हणजे स्वतःचा कारभार १७० वर्षं. सरकारी यादीतला नंबर १४१८. लाइकांगर १४१९, सोग्नडाल १४२०. ओळीनं तीन शेजारी, आणि २०२० ला तिघांची मिळून एक झाली, नाव ठेवलं सोग्नडाल, कारण ते मोठं.

बाबांना हे लगेच कळलं. "म्हणजे ग्रुप ग्रामपंचायत," ते म्हणाले. आपल्याकडे तीन-चार छोट्या वाड्यांची एक पंचायत असते, आणि प्रत्येक वाडीला वाटत असतं की सगळा निधी दुसऱ्या वाडीत जातोय, आणि मग स्वतंत्र पंचायतीचे ठराव. बाबांनी असे ठराव लिहून लिहून बोटं झिजवलीत. त्यांना उलटी दिशा नवीन होती, म्हणजे स्वतंत्र असलेल्यांना धरून एकत्र बांधणं.

सकाळी पहिल्यांदा सेंट ओलाफ चर्च. हे बघण्यासारखं आहे, चुकवू नका. गडद तपकिरी लाकडाचं, जुन्या स्टाव्ह चर्चच्या (मध्ययुगातली लाकडी चर्च) धाटणीचं, छपराच्या टोकांना ड्रॅगनची तोंडं, पण आहे १८९७ चं आणि आहे इंग्लिश! मार्गारेट ग्रीन नावाची इंग्लिश बाई इथं आली, हॉटेलवाल्या क्विक्ने घराण्यातल्या क्नुटशी तिनं लग्न केलं, तिला इथं आपल्या पंथाचं चर्च हवं होतं, पण १८९४ ला ती क्षयानं गेली. मग क्नुटनं तिच्या आठवणीत हे बांधलं. लुथरन देशात एका खेड्यात अँग्लिकन चर्च, आणि अजून उन्हाळ्यात तिथं इंग्लिश पाद्री येऊन प्रार्थना घेतात. आत दहा-बारा बाकं असतील नसतील, ओल्या लाकडाचा आणि मेणाचा वास, आणि दाराशी पाहुण्यांची वही ज्यात बाबांनी मराठीत पूर्ण पत्ता लिहिला, मु. पो. सकट.

गंमत अशी की गावाचं स्वतःचं पॅरिश चर्च गावात नाहीये. ते शुगुमला, एसेफ्योर्ड नावाच्या छोट्या फाट्याच्या पलीकडे, पांढरं लाकडी, १८६३ चं. या काठावरून स्पष्ट दिसतं. आज गाडीनं जायचं तर सगळा फाटा वळसा घालून जावं लागतं, पण नाव होती तेव्हा समोरच तर होतं. ज्यांनी जागा निवडली ते वेडे नव्हते, त्यांचा रस्ता पाण्यातून होता एवढंच.

मग क्विक्नेस हॉटेलात कॉफी प्यायला गेलो (कॉफीच. जेवणाची किंमत बघून बाबांना सांगितलीच नाही). १७५२ पासून या जागी मुसाफिरांची सोय आहे, आणि १८७७ पासून ते क्विक्ने लोकांकडे आलं. आत एक दिवाणखाना आहे, इवार होयविक नावाच्या कारागिरानं कोरलेलं सगळं लाकूडकाम, खुर्च्यांच्या हातांवर ड्रॅगन, खांबांवर ड्रॅगन, साप एकमेकांत गुंतलेले. मी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवत बसले, प्रत्येक खवला वेगळा कोरलाय, कुठंही मशीनचा सपाटपणा नाही, आणि जिथं शंभर वर्षं लोकांचे तळवे घासलेत तिथं ड्रॅगनचं नाक गुळगुळीत होऊन गेलंय.

या गावाची ओळख खरं तर शेतकऱ्यांनी आणि बाहेरच्यांनी मिळून बनवली. आधी चित्रकार आले. १८०० च्या पहिल्या अर्ध्यात फ्लिंटो, फियर्नली वगैरे मंडळी येऊन फ्योर्ड रंगवून गेली, ती चित्रं बघून युरोपातले पैसेवाले यायला लागले. शतकाच्या शेवटी हान्स डाल आणि आडेलस्टीन नोर्मान या चित्रकारांनी इथं बंगलेच बांधले, ड्रॅगन स्टाइलचे, अजून आहेत, रस्त्यावरून दिसतात. हा नोर्मान म्हणजे तोच ज्यानं १८९२ ला एडवर्ड मुंकला ('द स्क्रीम'वाला चित्रकार) बर्लिनला प्रदर्शनासाठी बोलावलं आणि ते आठवड्यात बंद पडलं, एवढा गदारोळ झाला. स्वतः मात्र गोड गोड फ्योर्ड काढायचा. माणसं विचित्र असतात.

आणि मग कैसर. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्याला आपली होहेनत्सोलर्न बोट घेऊन नॉर्वेला यायचा आणि बालेस्ट्रांड त्याची लाडकी जागा. जुलै १९१४ मध्येही तो इथंच होता, ऑस्ट्रियानं सर्बियाला अल्टिमेटम दिलाय, युरोप पेटायला आलाय, आणि हा माणूस फ्योर्डात सुट्टीवर. २५ जुलैला संध्याकाळी इथूनच निघाला. तो हान्स डालकडे ज्या खुर्चीत बसला होता म्हणतात ती खुर्ची आता हॉटेलात ठेवलीय. नवऱ्याला तिच्यासोबत सेल्फी पाहिजे होता, काढला. पहिलं महायुद्ध म्हणजे आपण शाळेत कारणं पाठ केलेली, साराजेव्हो वगैरे, त्यात या एवढ्याशा गावाचं नाव कुठं होतं?

दुपारी पाऊस थांबल्यावर बेले राजाचा पुतळा. व्हायकिंग काळातले दफनाचे टेकाड आहेत दोन, गवतानं झाकलेले, त्यातल्या एकावर हा राजा तलवारीवर रेलून उभा. पुतळा कैसरनंच १९१३ ला दिला. तिथून समोर बघितलं की पलीकडच्या काठावर, वांग्सनेसला, दुसरा एक पुतळा दिसतो, या अंतरावरून काडीएवढा. तो फ्रिट्योफ. तोही कैसरचाच. उद्या तिकडेच.

शनिवार: पलीकडचा काठ

बसनं द्राग्सविकला गेलो, एसेफ्योर्डाला वळसा घालून, शुगुमच्या चर्चवरून. द्राग्सविकला फेरीचा धक्का आहे आणि इथली फेरी तिकोनी फिरते, द्राग्सविक, हेल्ला, वांग्सनेस. बाबांना फेरी आवडली. ट्रक, दुधाचा टँकर, जर्मन लोकांच्या कॅराव्हॅन, सगळं पोटात घेऊन निघाली. वर कॅन्टीनमध्ये स्वेलेर मिळतात, जाड मऊ घावनासारखा प्रकार, लोणी-साखर लावून दुमडलेला. पश्चिम नॉर्वेच्या फेऱ्यांवर हे खाल्लं नाही तर तिकीट फुकट गेलं.

वांग्सनेसचा फ्रिट्योफ जवळून बघितला की हसायलाच येतं, एवढा मोठा. पायथा धरून वीस मीटरच्या वर, पंख लावलेलं शिरस्त्राण, एक हात कमरेवर, तोऱ्यात. गोष्ट अशी: फ्रिट्योफ या काठाचा, साधा पण शूर, आणि पलीकडच्या बेले राजाची मुलगी इंगेबोर्ग, दोघांचं प्रेम, राजा गेल्यावर तिच्या भावांचा विरोध, तिला देवळात बंदोबस्तात ठेवलेलं आणि हा नाव घेऊन फ्योर्ड ओलांडून तिला भेटायला जायचा. मूळ जुनी आइसलँडिक गाथा, पण १९व्या शतकात एका स्वीडिश कवीनं तिच्यावर मोठं काव्य लिहिलं ते जर्मनीत तुफान गाजलं, आणि कैसर त्या नादानं वेडा. म्हणून काठाच्या दोन बाजूंना दोन पुतळे, जुलै १९१३ मध्ये. त्यानंतर वर्षभरात युद्ध.

आता ही गोष्ट ऐकायला रोमँटिक आहे पण मला तिच्यातला प्रशासकीय भाग जास्त आवडतो (वडिलांवर गेलेय). हे दोन्ही पुतळे उभे राहिले तेव्हा एकाच कोमूनेत होते! वांग्सनेस हे बालेस्ट्रांडचंच होतं, फ्योर्डापलीकडे असून. कारण तेच, पाणी म्हणजे रस्ता. मग १९६४ ला वांग्सनेस काढून दक्षिणेकडच्या विक कोमूनेला जोडलं. त्याच दिवशी लाइकांगरचाही फ्रेसविक हा पलीकडचा तुकडा विकला गेला. विक म्हणजे गावाचं नाव, गैरसमज नको.

हे एकट्या बालेस्ट्रांडचं नव्हतं. १९३० ला नॉर्वेत ७४७ कोमूने होत्या. काहींची लोकसंख्या काही शेकडा. युद्धानंतर शाळा, दवाखाने, वृद्धांची सोय हे सगळं कोमूनेवर टाकायचं ठरलं, मग एवढ्याशा जीवांना ते झेपणार कसं, म्हणून १९४६ ला सरकारनं कमिटी नेमली. अध्यक्ष निकोलाय शाय. हा पुढे याच सोग्न ओग फ्योर्डाने जिल्ह्याचा राज्यपालासारखा अधिकारी झाला, म्हणजे ज्याच्या कमिटीनं देशभरच्या हद्दी हलवल्या तो इथंच बसायचा. १९६७ पर्यंत ७४७ च्या साडेचारशे उरल्या. रस्ते आणि मोटारी आल्या होत्या, जमिनीवरून जे जवळ ते एकत्र असा सरळ हिशोब.

फ्रिट्योफच्या पायाशी आम्ही डबा खाल्ला (पोळी, बटाट्याची भाजी, लोणचं). शेजारी एक नॉर्वेजियन कुटुंब, त्यांची आजी वांग्सनेसचीच. तिला विचारलं की तुमच्या लहानपणी हे बालेस्ट्रांडमध्ये होतं ना. ती म्हणाली हो, आई कामासाठी बोटीनं पलीकडे जायची, आणि परत येताना आमच्यासाठी पाव आणायची, तिकडच्या बेकरीचा. तेवढंच तिला बालेस्ट्रांड कोमूने म्हणून आठवतं. "हद्द गेली त्याचं वाईट वाटलं का?" असं नवऱ्यानं विचारलं तर तिनं खांदे उडवले. विक जवळ पडतं, रस्ता आहे, संपलं. म्हणजे प्रत्येकजण त्या कुत्रेवाल्या आजोबांसारखा हळवा नसतो. साठ वर्षं गेली की माणसं विसरतात, किंवा विसरायला हरकत नसते.

संध्याकाळी परत येताना रस्त्याकडेला लाकडी स्टॉल, चेरीचे डबे ठेवलेले, माणूस नाही, फोनवरून व्हिप्सनं पैसे पाठवायचे. बाबा दहा मिनिटं तिथं उभे. कोणी पैसे न देता नेतंय का हे बघायला.

रविवार: फ्यारलांड

हा दिवस सगळ्यात सुंदर. उन्हाळ्यात बालेस्ट्रांडहून फ्यारलांडला बोट जाते, मुख्य फ्योर्डातून उत्तरेला फुटलेल्या फाट्यात, पंचवीसेक किलोमीटर आत, साधारण दीड तास. जसजसं आत जावं तसं पाणी बदलतं. आधी काळपट निळं, मग हिरवट, आणि शेवटी असं दुधाळ हिरवं की कोणीतरी रंग ओतलाय वाटावं. हिमनदी खाली सरकताना खडक दळते, त्याचं पीठ पाण्यात तरंगतं त्यामुळे. टोकाला योस्टेडाल हिमक्षेत्राचे फाटे लटकलेले दिसतात.

फ्यारलांड १८५० पासून बालेस्ट्रांड कोमूनेत. आणि १९८६ पर्यंत इथं यायला रस्ताच नव्हता! तिन्ही बाजूंना डोंगर आणि बर्फ, चौथीकडे पाणी. डॉक्टर, पोस्ट, गुरं, पियानो, सगळं बोटीनं. अशा गावाला बालेस्ट्रांडशिवाय कोण होतं? मग उत्तरेकडून बर्फाखालून सहा किलोमीटरहून लांब टनेल काढला आणि ३१ मे १९८६ ला त्याचं उद्घाटन कोणी केलं, तर अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी. कारण त्यांचे पूर्वज इथल्याच मुंडाल वाडीचे, मुंडालचं अमेरिकेत माँडेल झालं. नॉर्वेत आडनावं बरीचशी शेतांची असतात, क्विक्ने काय, मुंडाल काय. कोमूने येते जाते, शेताचं नाव मात्र माणसाला चिकटून समुद्रापार जातं.

१९९४ ला दुसरा टनेल, या वेळी सोग्नडालच्या दिशेनं. झालं. आता सोग्नडाल गाडीनं अर्ध्या तासाच्या आसपास आणि बालेस्ट्रांडला जायचं तर बोट, ती पण ठराविक वेळेला. २००० साली फ्यारलांड बालेस्ट्रांडमधून निघून सोग्नडाल कोमूनेत गेलं. तीनशेच्या आसपास माणसं, पण बालेस्ट्रांडच्या मानानं तो मोठा लचका होता, आणि नकाशावर तर फारच मोठा, सगळा उत्तरेचा बर्फाळ भाग. म्हणजे बघा, १९६४ ला फ्योर्डापलीकडचं गेलं, २००० ला फ्योर्डाच्या आतलं गेलं. जी कोमूने पाण्यानं बांधलेली होती तिच्या गाठी एकेका रस्त्यानं आणि टनेलनं सोडवल्या. २०२० ला फक्त शेवटची सही झाली असं माझं मत.

गाव मात्र भारी आहे. नव्वदीच्या दशकात याला पुस्तकांचं गाव करून टाकलं. जुनी पुस्तकं, गोठ्यात, बंद पडलेल्या दुकानात, फेरीच्या जुन्या वेटिंगरूममध्ये, रस्त्यावर उघड्या कपाटांमध्ये. उघड्या कपाटांना मालक नाही, पेटीत पैसे टाकायचे. आमच्याकडे भिलारला पुस्तकांचं गाव केलंय २०१७ ला, बाबा तिथं जाऊन आलेत, त्यामुळे ते जाणकारासारखे फिरत होते. "भिलारला स्ट्रॉबेरी आहे, इथं नाही," हा त्यांचा निकाल.

एका गोठ्यात मला बिग्डेबोकचे जुने खंड दिसले. हा प्रकार नॉर्वेत जवळजवळ प्रत्येक भागाचा असतो, गावातल्या एकेका शेताचा इतिहास, कोण कसत होतं, कोणाची मुलं किती, कोण अमेरिकेला गेलं. बहुतेक वेळा खर्च कोमूनेच करते. मी बाबांना पान उघडून दाखवलं, शेताचं नाव, खाली पिढ्यान्‌पिढ्यांची यादी, जन्म-मृत्यूची सालं, मधेच कुठल्या भांडणाचा कोर्टातला निकाल. बाबांना भाषा येत नाही पण त्यांनी बोट ठेवून ठेवून तीन पानं वाचली. "हा सातबारा आहे," म्हणाले, "फक्त गोष्टीसकट." पुस्तक जड होतं आणि महागही, घेतलं नाही.

हिमनदीचं म्युझियम पण आहे, १९९१ चं, लहान मुलं बरोबर असतील तर जा. आम्ही घाईत केलं कारण सोग्नडालची बस पकडायची होती. टनेलमधून गेलो. दीड तासाच्या बोटीनंतर टनेल म्हणजे काहीच नाही, अंधार, दिवे, बाहेर. पण इथल्या माणसाच्या जागी मी असते तर मीही टनेलच निवडला असता, रात्री दोनला दवाखान्यात जायचं असेल तर हिरव्या पाण्याचं काय करायचंय.

सोमवार: सोग्नडाल आणि लाइकांगर

सोग्नडाल हे चक्क शहर वाटतं तीन दिवस बालेस्ट्रांडला राहिल्यावर. कॉलेज, मॉल, फुटबॉलची टीम. नवी कोमूने साधारण बारा हजार लोकांची.

सोमवार असल्यामुळे ऑफिसं उघडी, आणि बाबांना टाऊन हॉल बघायचाच होता. बाहेरून बघितला. सोडायला तयार नव्हते म्हणून आतल्या काउंटरपर्यंतही गेलो. काउंटरवरची मुलगी गोड होती, मी सांगितलं की वडील भारतात हेच काम करायचे, तिनं विचारलं किती लोकांसाठी, बाबांनी सांगितलं दोन गावं मिळून सहा हजार, एकटाच होतो. ती म्हणाली एकटे?? आणि मागच्या टेबलवरच्या बाईला बोलावून परत सांगायला लावलं. बाबांची छाती तेव्हा फ्रिट्योफएवढी झाली होती.

तिला मी विचारलं की बालेस्ट्रांडची माणसं इथं येतात का. बरंचसं ऑनलाइन होतं म्हणाली. आणि यायचं झालं तर? तर द्राग्सविक ते हेल्ला फेरी, मग रस्ता. म्हणजे जमिनीवरून जवळ म्हणून एकत्र केलं आणि मधे अजून फेरीच आहे. पश्चिमेकडचा नेस्साने नावाचा तुकडा तर २०२० ला या तिघांत आलाच नाही, तो होयांगर कोमूनेत गेला, कारण त्या लोकांना तो रस्ता सोयीचा. बालेस्ट्रांडचे असे तीन दिशांना तीन तुकडे, आणि उरलेलं गाव चौथीकडे.

हा सगळा २०१४ ला सुरू झालेल्या सुधारणेचा भाग, अर्ना सोल्बर्ग पंतप्रधान असतानाचा. जून २०१७ ला संसदेनं नवा नकाशा मंजूर केला, देशात काही ठिकाणी तर स्थानिकांचा विरोध असतानाही. ३५६ कोमूने उरल्या. जिल्हेसुद्धा जोडले, सोग्न ओग फ्योर्डाने आणि बर्गनकडचा होर्डालांड मिळून वेस्टलांड. पुढे सरकार बदललं, काहींनी परत वेगळं व्हायची मागणी केली, २०२४ ला हाराम नावाची कोमूने ओलेसुंडमधून खरोखर सुटून बाहेर पडली, आकडा ३५७. बाबांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली. स्वतंत्र पंचायतीचा ठराव पास!

बालेस्ट्रांडवाले असं काही करतील असं वाटत नाही. पण त्यांच्या पत्त्यावर अजून ६८९९ बालेस्ट्रांडच येतं, पोस्टानं काही बदललं नाही. बोटीच्या पाटीवर बालेस्ट्रांड, चर्चच्या यादीत शुगुम, हॉटेलच्या नॅपकिनवर क्विक्ने. ओळख कुठं कुठं साठवलेली असते ते अशा वेळी कळतं, आणि ऑफिसच्या शिक्क्यावर ती बहुधा सगळ्यात कमी असते.

परतीच्या वाटेवर लाइकांगरला उतरलो, फळबागा बघायला. सफरचंदं अजून लिंबाएवढी. लाइकांगर म्हणजे १८५० आधी बालेस्ट्रांडची आई म्हणायची, आणि पुढे जिल्ह्याची सगळी मोठी ऑफिसं इथंच, हेरमान्सवेर्कला. तिचीही कोमूने २०२० ला संपली. मात्र वेस्टलांडच्या राज्य प्रतिनिधीचं, स्टाट्सफॉरवाल्टरचं मुख्य ऑफिस अजून इथंच आहे, बर्गनसारखं शहर असूनही तिकडे गेलं नाही. मी हे बाबांना समजावून सांगत होते, की गावाची स्वतःची पंचायत गेली पण सगळ्या जिल्ह्यावर देखरेख करणारा साहेब इथंच बसतो.

बाबा थांबले, बोर्ड बघितला, आणि म्हणाले, "म्हणजे सरपंच गेला आणि कलेक्टर राहिला. अगं, मग ग्रामसभेत ओरडायचं कोणावर?"

नवऱ्यानं हा प्रश्न बस स्टॉपवरच्या एका काकांना जसाच्या तसा भाषांतर करून विचारला. काका म्हणाले, बर्गनवर. आम्ही कायम बर्गनवरच ओरडतो.